चावीमावशी आणि सहाशे पाहुणे

आमच्या बंदरावर लिलावाची शेड झाडणाऱ्या बाईंना सगळे चावीमावशी म्हणायचे. शेडच्या मागे दोन संडास होते आणि त्यांची चावी मावशींच्या कमरेला असायची. चावी मागितली की त्या आधी मागणाऱ्याच्या पायांकडे बघत. खवल्यांनी माखलेले गमबूट घालून आत जाण्याची कुणाची छाती नव्हती. ज्यांच्यापुढे खलाशी चळाचळा कापत, ते बोटींचे मालकसुद्धा मावशींपुढे निमूट बूट काढून अनवाणी उभे राहत.

मी तेव्हा बंदर कचेरीत कारकून होतो. एके दिवशी पत्र आलं, की एक मोठं प्रवासी जहाज पहिल्यांदाच आमच्या बंदराबाहेर नांगर टाकणार आहे. सहाशे प्रवासी छोट्या बोटींनी उतरतील, चार तास थांबतील. आमच्या साहेबांच्या अंगात वारं शिरलं. बैठक बोलावली. कमान ठरली, बँड ठरला, जुन्या होड्यांच्या नमुन्यांचं प्रदर्शन ठरलं, साहेबांचं भाषण तर पत्र फोडतानाच ठरलं होतं. मावशी चहाचे कप उचलायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, एवढी माणसं येणार, तर जाणार कुठे?"

"दीपगृह बघतील, धक्का बघतील," साहेब म्हणाले.

"तसं नाही, साहेब. जाणार कुठे?"

सगळे हसले. साहेबांनी हसू आवरून मला सूचना लिहून घ्यायला सांगितली. 'पाहुणे कुठे जाणार, याचा विचार व्हावा,' असं मी लिहिलं आणि आम्ही बँडच्या गणवेशाकडे वळलो.

ठरल्या दिवशी सकाळी जहाज आलं. दुसऱ्या गावातली एखादी इमारत उचलून समुद्रात आणून ठेवावी, तसं दिसत होतं. बोटी धक्क्याला लागल्या आणि पाहुणे उतरू लागले. बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे. भरपेट नाश्ता, वर दोन-तीन कप कॉफी आणि मग अर्धा तास लाटांवर आदळत आलेले. साहेबांनी भाषण सुरू केलं. पाहुणे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होते. मला वाटलं, बँडच्या ठेक्यावर डोलतायत. शेवटी एका उंच बाईंनी माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला कळलं आणि मी शेडकडे बोट दाखवलं. माझं बोट सगळ्यांनीच पाहिलं.

भाषणापुढची गर्दी बघता बघता शेडमागे गेली. होड्यांच्या प्रदर्शनाचं टेबल नेमकं त्याच वाटेवर होतं. टेबलापाशी ही लांबलचक रांग पाहून साहेबांना गहिवरून आलं. ते धावत आले आणि एकेक होडी हातात घेऊन समजावून सांगू लागले. बिचाऱ्यांना रांग सोडून जाताही येईना. शिडाच्या होडीचा इतिहास इतक्या तळमळीने ऐकणारे श्रोते साहेबांना पुन्हा कधी मिळाले नाहीत.

मावशींनी पहाटेपासून दोन्ही संडास घासून लखलखीत केले होते. आधी त्यांनी पाहुण्यांनाही खुणेने बूट काढायला लावले. पण एका आजोबांच्या नाड्या सुटता सुटेनात आणि मागे रांग कण्हू लागली, तेव्हा त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच ती अट मागे घेतली. तरीही रांग बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेली. मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मागच्या गल्लीत बावीस घरं आहेत, तुम्ही माणसं आणा, मी दारं वाजवते.

एकवीस दारं वाजवली आणि उघडली. बाविसावं त्यांच्या थोरल्या जावेचं. तीन वर्षांपूर्वी जावेने नवं बाथरूम बांधलं होतं, भिंतीला निळ्या माशांच्या टाइल्स लावून. सगळ्या गल्लीला बघायला बोलावलं आणि मावशींना मात्र म्हणाली, तू ये, फरशीवरचं सिमेंट तू छान काढशील. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. घरांची मधली भिंत एक, पण आवाज भिंतीलासुद्धा ऐकू जात नव्हता.

मावशी त्या दारावरून दोनदा पुढे गेल्या. तिसऱ्यांदा त्यांच्यासोबत काठी टेकत चालणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना आता एक पाऊलही टाकवेना. मावशींनी ओठ घट्ट मिटले आणि कडी वाजवली.

जाऊ दारात आली. "काय पाहिजे?"

"मला काही नको, ताई. या बाईंना पाहिजे."

जावेने आजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. थोड्या वेळाने आजी बाहेर आल्या त्या फुललेल्या चेहऱ्यानेच. त्यांनी गल्लीतून दोन मैत्रिणींना हाक मारली, पुन्हा आत नेलं, टाइल्स दाखवल्या. मग फोटो सुरू झाले. जावेची कळी अशी खुलली की तिने मला बजावलं, अजून असतील तेवढे इकडेच पाठवा.

थांबलेल्यांना बसायला दिलं, बसलेल्यांना चहा दिला. तिचं पाहून बाकीच्या घरांनीही आधण ठेवलं. त्या चहाचा परिणाम काय होईल, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. तासाभरात तीच मंडळी पुन्हा रांगेत उभी होती. दीपगृहाकडे कुणी फिरकलं नाही. जहाजाने भोंगा दिला, तेव्हा आम्हाला घराघरांतून पाहुणे गोळा करावे लागले. एक गृहस्थ बर्फवाल्याच्या आरामखुर्चीत घोरत सापडले.

शेवटची बोट सुटल्यावर मावशी गडबडीत तिथेच राहिलेली आपली बादली न्यायला जावेच्या दाराशी आल्या. जाऊ म्हणाली, "आलीच आहेस तर बघून जा."

मावशी आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "उतार चुकलाय, ताई. कोपऱ्यात पाणी साचतं."

"माहीत आहे. तीन वर्षं पुसतेय." जावेने बादली पुढे सरकवली. "तेव्हाही तुला बघायलाच बोलवायचं होतं गं. तोंडातून भलतंच निघालं."

मावशी पायरीवर बसल्या आणि चहा उरलाय का, एवढंच विचारलं.

दोन महिन्यांनी जहाज कंपनीचं पत्र आलं. घरोघरी भेट देण्याचा कार्यक्रम पाहुण्यांना फारच आवडला, पुढच्या वर्षीही तो ठेवावा, असं त्यात होतं. साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि असा कार्यक्रम आपण कधी ठरवला, असं मला विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि काय हवं ते मागा म्हणाले. मावशींनी सहा संडास मागितले. चार मिळाले.

पत्रासोबत एका पाहुण्याने त्या दिवशी काढलेला फोटोही होता, दारात उभ्या असलेल्या दोघी जावांचा. तो आता थोरलीच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. मावशी रोज दुपारी तिच्याकडे जातात आणि रोज म्हणतात, "यात मी फार जाड दिसते." फोटो काढून ठेवायला जाऊ काही तयार नाही.