वळसा घालणारे जावईबापू

उभ्या पुण्यात कोथरूडला यायला वारज्याहून फिरून येणारा जावई एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या धाकट्या बहिणीचे, वैजूचे, यजमान पोटापाण्यासाठी सैन्यात कॅप्टन होते. हाडाचे मात्र खो-खोचे खेळाडू. त्या खेळात पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की खुंटाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. इतरांसाठी हा नियम शिट्टी वाजेपर्यंतच असतो. जावईबापूंनी तो संसारालाही लावला होता.

स्कूटरवरून जाताना वाण्याचं दुकान चुकून मागे पडलं, तर हे गृहस्थ वळायचे नाहीत. पुढचा चौक, त्याच्या पुढचा चौक असं करत वाणी शटर ओढायच्या बेताला दुसऱ्या बाजूने उगवायचे. एकदा एका लग्नाला निघालो आणि बोलता बोलता कार्यालयच मागे राहिलं. अर्ध्या गावाला प्रदक्षिणा घालून पोचलो, तोवर शेवटची पंगत उठली होती. "अहो, तिथल्या तिथे वळला असतात तर जिलबी तरी मिळाली असती," वैजू कडाडली. "फाउल झाला असता," जावईबापू शांतपणे म्हणाले. रागाने बोललेला शब्दही ते मागे घेत नसत. हवापाणी, क्रिकेट, सासूबाईंचे गुडघे असं फिरत फिरत तासाभराने माफीपाशी यायचे. वैजू तोवर स्वयंपाकघरात हसू दाबत थांबलेली असायची.

रजेवर आले की संध्याकाळी सोसायटीमागच्या मैदानावर खो-खो खेळायला जायचे आणि मलाही ओढून न्यायचे. दिवसभर संगणकापुढे बसून माझी पाठ आखडलेली. मी कसला धावतोय! मी कडेला बसून नुसता बघायचो. उन्हं कलली की तांबूस धूळ उठायची आणि त्या धुळीत ते दिसायचे, दिसेनासे व्हायचे, भलतीकडेच पुन्हा दिसायचे. पावलांचा आवाज नाही, घाई नाही. माणूस जमिनीला विचारून पाऊल टाकतोय असं वाटायचं. त्या वेळी कोणी मला माझं नाव विचारलं असतं, तरी पटकन सांगता आलं नसतं.

सैन्यातली त्यांची ठरलेली वर्षं संपत आली होती. मी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत साहेबांच्या मागे लागून त्यांच्यासाठी एक जागा धरून ठेवली. "दिवसभर बसावं लागेल हं," मी म्हटलं. "बसायची सवय आहे की. खो मिळेपर्यंत आम्ही बसतोच," ते म्हणाले आणि त्यांनी होकार दिला. नवरा आता कायमचा पुण्यात राहणार, म्हणून वैजूने घराला नवे पडदे शिवले.

तेवढ्यात कारगिल सुरू झालं आणि रजा रद्द झाली. निघताना रिक्षा फाटकाबाहेर पडली आणि मनगटावर घड्याळ नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. दार चार पावलांवर होतं. रिक्षावाला ओरडला, "सायेब, घर मागंच हाय की!" पण रिक्षा अख्ख्या सोसायटीला वळसा घालूनच परत आली. वैजू रडत होती, ती हसायलाच लागली. घड्याळ बांधताना तेही हसले.

महिन्याभरात बातमी आली. डोंगर चढताना पुढच्या तुकडीत होते. घरी माणसांची रीघ लागली, भाषणं झाली, आम्हांला तुमचा अभिमान वाटतो असं जो तो वैजूला सांगून गेला. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "दादा, अभिमान मलाही आहे रे. पण अभिमान संध्याकाळी घरी येत नाही ना."

ती जागा कंपनीने पुढे दुसऱ्याला दिली. सज्जन गृहस्थ आहेत. वेळेवर येतात, वेळेवर घरी जातात, दिवाळीला फराळाचा डबाही आणतात. त्यांचा काहीएक दोष नाही, पण त्या खुर्चीवर ते बसलेले मला अजून बघवत नाहीत.