थोरल्याच्या नावानं गेल्याला

हाक थोरल्याला मारायची आन उठायचा धाकला. आमच्या आळीत हे रोज चालायचं. कुनी लांबनं थोरल्याचं नाव घिऊन वरडलं, की ह्यो हातातलं खुरपं टाकायचा, टाचंला टाच लावायचा, छाती काडायचा आन म्हनायचा, "हाजीर." मग लोकं हसायची. तवा कुठं त्येच्या ध्यानात यायचं. खुरपं उचलायचा आन खाली मान घालून परत गवताला लागायचा.

पोरंसोरं मुद्दाम वरडायची. मोठी मानसं बी वरडायची. तुमी तितं आसता तर तुमाला बी एकदा वरडून बगावं वाटलं आसतं. मानसाची जातच तशी.

नाव मी सांगत न्हाई. त्येचं न्हाई आन भावाचं बी न्हाई. गावानं त्येला धाकला म्हनलं, मी बी धाकलाच म्हनते. कोरेगावच्या वरल्या अंगाला आमचं गाव. त्येंचं घर आन माजं घर एका भितीला. माजा मालक पटकीनं गेला, तवापासनं मी लोकाच्या उसात खुरपायला जायची. लडाईवनं आल्यावर ह्यो बी माज्या शेजारच्या पातीला आसायचा. घरचं रान हुतं, पन तितं थोरल्याची सत्ता. घरच्या रानात ह्येला गड्यावानी राबवायचा, तितलं काम सरलं की लोकाच्या रानात रोजानं धाडायचा, आन जेवताना म्हनायचा, सा वर्सं मी गोळ्या खाल्ल्या, आता तू जरा राब.

तर ते कसं झालं ते सांगते. लडाई सुरू झाली तवा भरतीवाले गावात आले. पाटलानं घरटी एक नाव दिलं. ह्येंच्या घरातनं थोरल्याचं दिलं. थोरल्याची बायकू पोटुशी, आन थोरल्यानं भ्यानं अन्न सोडल्यालं. त्येंच्या आईनं, म्हातारीनं, धाकल्याला म्होरं वडलं. म्हनली, "तू जा. त्येंला मानूस पायजे. नाव कोन बगतंय." सतरा वर्साचं पोर. मिशी न्हवती फुटली. थोरल्याचा कोट घातला त्येनं, बाह्या बोटाच्या खाली लोंबत हुत्या. वाटंची भाकरी मीच बांदून दिली. मला म्हनला, "काकी, मला आता दादाच्या नावानं हाक मारा. सवं हुईल." आन हसला.

मग थोरला गावात कसा ऱ्हानार? त्यो तर लडाईला गेल्याला. म्हातारीनं त्येला बायकूसंगट सांगलीकडं सासऱ्याच्या मळ्यावर धाडला. गावाला सांगटलं, थोरला फौजंत गेला, धाकला वैनीच्या सोबतीला सांगलीकडं ऱ्हायला. धाकला तिकडं आफ्रिकंत, मग इटलीत. थोरला हिकडं सासऱ्याची हळद शिजवीत बसला. दोनी लेकरं गावाच्या नदरंआड. म्हातारीचा बेत पक्का.

लडाई सरली आन दोगं बी परतले. थोरला अंगानं भरला हुता. धाकल्याचा डावा कान तोफंच्या आवाजानं गेल्याला. थोरल्यानं आल्या दिशीच त्येच्या अंगावरला फौजंचा कोट काडून घेतला आन सुटल्याचा कागद बी काडून घेतला. म्हनला, नाव माजं हाय, मग कागद कुनाचा? आन कानाचं इचारलं लोकांनी, तर म्हनला, त्येला सांगलीत बैलानं मारलं.

गावाला ठावं न्हवतं आसं न्हाई. निम्म्या गावाला ठावं. पन थोरला पाटलाच्या उठबशीतला, आन धाकल्याच्या मागं कोन?

चावडीवर थोरला लडाईच्या गोष्टी सांगायचा. गोष्टी धाकल्याच्याच. जेवता जेवता त्येच्याकडनं काडून घ्याच्या आन दुसऱ्या दिशी चावडीवर मांडायच्या. धाकला मागं भितीला टेकून ऐकायचा. ऱ्हाववायचं न्हाई त्येला. म्हनायचा, "दादा, तवा पाऊस न्हवता. बर्फ हुता." मग चावडी फुटायची हसून. एकजन म्हनला, "बगा रं, भाऊ लडला आन ह्येला घरात बसून बर्फ दिसतंय." थोरला सगळ्यात मोट्यानं हसायचा. धाकला तेवडंच म्हनायचा, "गेल्याला मी हाय." हे त्येचं बोलनं. कुनी काय बी इचारू दे, शेवट त्येचा हाच. गेल्याला मी हाय.

सरकारकडनं लडाईचे बिल्ले आले तवा मी चावडीम्होरच हुते. टपालवाल्यानं नाव घेतलं. थोरला उठला, धाकला बी उठला. दोगांनी हात म्होरं केला. टपालवाला परका मानूस, त्यो गांगरला. पाटलाकडं बगितलं त्येनं. पाटलानं पान चावत थोरल्याकडं बोट केलं. थोरल्यानं डबा घेतला, तितंच उघडला. चांदीसारकं गोल बिल्ले, तांब्याच्या रंगाच्या चांदन्या, रंगीत फिती. कडंला नाव कोरल्यालं, आसं वाचनाऱ्यानं सांगटलं. धाकला म्हनला, "दादा, हातात तरी दे. बगतो." थोरल्यानं दिलं न्हाई. म्हनला, "हात धू आदी, चिखलाचं हायती." धाकला आडावर जाऊन खरंच हात धुऊन आला. तवर थोरला घरला गेल्ता.

त्या दिशी पातीवर त्यो एकदाच लांब बोलला. म्हनला, "काकी, मला भाकरी नगं, रान नगं. पन माज्या बाजूची पोरं पडल्याली मी बगितली. एकाला मी पाठीवर आनला, त्यो वाटंतच गेला. त्या पोरांच्या जिवाचं हे बिल्ले हायती. ते दादाच्या छातीवर कसं लटकत्यात?" मी खुरपत ऱ्हायले.

मग साताऱ्याला फौजंच्या कचेरीत अर्ज केला त्येनं. कोर्टाबाहेर बसनाऱ्या लिवनाऱ्याकडनं समदं लिवून घेतलं. अमुक मानूस मी न्हवं, मी त्येचा भाऊ, लडाईला गेल्याला मी, कागदावर माजं नाव घाला, बिल्ले मला द्या. लय दिसांनी उत्तर आलं. मास्तरनं वाचून दाखिवलं. लिवल्यालं हुतं, अर्जदाराला त्येचे समदे बिल्ले पोचल्यालं हायती, काय बी बाकी न्हाई.

मास्तरनं इचारलं, अर्जावर सही कुनी केली? ह्यो म्हनला, मी. कशी केली, काडून दाखव. त्येनं पाटीवर सही काडली. त्येनं थोरल्याचं नाव लिवलं हुतं. आवं, फौजंतच शिकला त्यो लिवायला. आन शिकला काय, तर थोरल्याचं नाव. सोताचं नाव त्येला येतंच न्हवतं. मास्तर म्हनला, मी शिकवतो. ह्यो नगं म्हनला. हात चुकंल म्हनला परत. तवापासनं लिवता येनारा मानूस आंगठा करायला लागला. आंगठा करून दुसरा अर्ज धाडला.

ह्या येळंला कचेरीनं बोलावलं. संगट साक्षीदार आना म्हनले, आन आईला आना. गावातनं कोन बी तयार हुईना. मी गेले. जायच्या आदी थोरला माज्या दारात आला. म्हनला, "काकी, इहिरीला दोर आमचा हाय, ध्यानात ठिवा." मी म्हनलं, नदीला पानी हाय. म्होरं लय वर्सं मी नदीचंच पानी आनलं. डोस्क्यावर हंडा आन चढ. त्येचं काय येवडं न्हाई. मान दुकायची, मग दुकायची थांबली.

मोटारीनं आमी तिगं साताऱ्याला गेलो. साहेब आपल्यातलाच हुता, म्हातारा, सोता लडाई बगितल्याला. मानूस वाईट न्हवता. त्येनं धाकल्याला फौजंतला नंबर इचारला. धाकल्यानं एका दमात सांगटला. मग साहेबानं कोपऱ्यातली काठी दिली आन कवायतीचा हुकूम केला. तुमाला सांगते, त्या धा फूट जाग्यात त्येनं काठी आशी फिरवली, खांद्यावर घेतली, उतरवली, की शिपाई बी दारातनं डोकवाय लागले. उसात वाकून खुरपनारा मानूस त्यो न्हवताच.

साहेबानं माजी साक्ष लिवून घेतली. मग म्हनला, "हा शिपाई आहे, मला शंका नाही. पण दोन भावांतला हा कोणता, ते आईनं सांगायचं. आजी, लढाईला कोण गेला होता?"

म्हातारी भुईवर बसली हुती. साहेबाकडं बगितलंच न्हाई तिनं. समदा येळ धाकल्याकडं बगत हुती. म्हनली, "थोरला."

साहेब म्हनला, "नीट आठवून सांगा."

"थोरला गेल्ता. ह्यो सांगलीकडं हुता. ह्येचं डोस्कं फिरलंय, साहेब. काठी फिरवाय भावानंच शिकवलंय."

साहेबानं धाकल्याकडं बगितलं. मला वाटलं आता ह्यो वरडनार, म्हनायचं ते म्हननार, गेल्याला मी हाय. त्येनं काठी कोपऱ्यात नीट उभी केली. म्हनला, "आई म्हनती तसंच आसंल, साहेब." सलाम केला आन भाईर गेला.

मोटारीची वाट बगत आमी झाडाखाली बसलो. म्हातारीनं फडकं सोडलं, भाकरी काडली, वर चटनी ठिवली आन धाकल्याला दिली. त्येनं खाल्ली. सगळी खाल्ली. पानी प्यायला त्यो उठून गेला तवा मी तिला म्हनलं, आक्का, पोटच्या पोराला काय केलंसा हे? ती म्हनली, "थोरल्यानं सांगटलंय, खरं भाईर पडलं तर खोट्या नावापायी दोगं बी जेलात जात्याली. थोरल्याला तीन लेकरं हायती. ह्येला कोन हाय?" मग म्हनली, "ह्येला मी हाय की."

धाकला मोटारीत बसलाच न्हाई. जरा काम हाय म्हनला आन साताऱ्यातच ऱ्हायला. आठ दिस झालं, महिना झाला. गावात कुनी म्हनलं, जीव दिला, कुनी म्हनलं, मुंबैला गिरनीत गेला. थोरल्यानं त्येचं आंथरून काडून तितं वैरन रचली.

पावसाळा सरता सरता त्यो आला. खाकी कपड्यात. साताऱ्यात त्या दिशी बाजूलाच भरती चालली हुती, ह्यो तसाच जाऊन रांगंत उभा ऱ्हायला. ह्या येळंला सोताच्या नावानं. आदी लडाई केलीया, हे त्येनं सांगटलंच न्हाई. कोऱ्या पोरांत कोरा म्हनून भरती झाला.

चार दिसाच्या रजंवर आल्ता. माज्या वट्यावर बसून सांगत हुता, "काकी, मला आता डावा-उजवा शिकीवत्यात. मी मुद्दाम चुकतो, वस्ताद खूस हुतोय." आन म्हनला, पैल्यांदा माज्या नावानं हाक मारली तर मी उठलोच न्हाई. बंदूक डोस्क्यावर धरून पळवला मला. येवडं सांगून हसला. थोरल्याच्या कोटात सतरा वर्साचा आसताना हसला हुता, तसाच. मी इचारलं, आता कशाला गेलास रं परत? म्हनला, "एक तरी बिल्ला माज्या नावाचा यील की."

तवर राज्य बदललं हुतं. काश्मिरात लडाई लागली. तितनंच त्यो पडल्याची तार आली. त्येच्याच नावाची, एका अक्षराची चूक न्हाई. म्हातारी दोन दिस भिताडाला टेकून बसली. रडली का न्हाई ते मला ठावं न्हाई. माजं त्या घरात जानं-येनं बंद हुतं.

मागनं बिल्ला आला, छोट्या डब्यातनं, आईच्या पत्त्यावर. थोरला चावडीवर सांगायला लागला, आमच्या घरानं देशाला दोन शिपाई दिले. लोकं मान हालवायची. ह्या येळंला कोन हसलं न्हाई.

खंडेनवमीला म्हातारीनं मला बोलावनं धाडलं. सून म्हायेरी गेल्ती आन म्हातारीला दिसायचं कमी झाल्तं. मी गेले. इळा, कोयता, नांगराचा फाळ, समदं घासलं, पाटावर मांडलं, झेंडू वाहिला. मग म्हातारीनं दोनी डबं आनलं आन बिल्ले पाटावर वतले. जुने आन नवा, एकात एक मिसळले. तिनं बोट कुंकवात बुडिवलं. एक बिल्ला चाचपला, दुसरा चाचपला. वाचता तिला बी येत न्हाई, मला बी येत न्हाई.

मला म्हनली, "ह्येच्यातला त्येचा कुटला गं?"

थोरला दारात उभा हुता. मी त्येच्याकडं बगितलं आन म्हातारीला म्हनलं, "समदं त्येचंच हायती, आक्का."

म्हातारीचं कुंकवाचं बोट तसंच वर ऱ्हायलं. लय येळ ऱ्हायलं. मग तिनं ते पदराला पुसलं आन बिल्ले एक एक करून डब्यात भरले. फाळाला कुंकू लागलं, कोयत्याला लागलं. बिल्ल्यास्नी न्हाई.