श्यामलाबाई हरकऱ्यांचा परवाना

श्यामलाबाई हरकरे मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन कलकत्त्याला आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, आणि नवरा गेला तेव्हा एकेचाळीस. नवरा गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत कारकून होता. तो गेल्यावर क्वार्टर सुटलं आणि मुलीला, लीनाला, घेऊन त्या खिदिरपुरात एका खोलीत राहायला आल्या. सोवळ्याओवळ्याचं बाईंना फारसं नव्हतं, पण घाणीचा तिटकारा विलक्षण. वाटेत कुणी पानाची पिंक टाकली तर घरी येऊन तीनतीनदा पाय धुवायच्या. अशा बाईला पालिकेच्या बाजारखात्याचे उंबरे झिजवायची पाळी आली.

झालं असं, की कालव्यापलीकडे बाबुलतल्याच्या मैदानात मंगळवारी आणि शनिवारी उघड्यावर बाजार भरायचा. तिथे वडाखाली, पाण्याच्या नळाशेजारी, सरोजबाला नावाची बाई मुरमुऱ्यांचे लाडू विकत बसायची. फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बारीसालहून आलेली, अंगावरच्या वस्त्रानिशी. एकदा श्यामलाबाईंनी तिला घरची भाजणीची चकली खायला दिली. सरोजबालानं ती शांतपणे चावून संपवली.

"दीदी, हे इथं हातोहात खपेल," ती म्हणाली. "पण आधी कागद करून घ्या. माझ्याकडे कागद नाही, म्हणून पालिकेचा शिपाई दिसला की टोपली उचलून पळावं लागतं."

ही गोष्ट पंचावन्न सालची. श्यामलाबाईंनी अर्ज लिहिला आणि कचेरी गाठली. जिन्याचे कोपरे छातीइतक्या उंचीपर्यंत पिंकांनी लाल झालेले. पदर आवळून, भिंतीला अंग लागू न देता त्या वर चढल्या. नंदीबाबू म्हणून बाजार निरीक्षक होते. ते काडीनं कान कोरत बसले होते.

"नवऱ्याची संमती कुठाय?"

"ते वारले."

"मग तसं लिहून आणा."

तसं लिहून नेलं, तर मृत्यूचा दाखला हवा. दाखला नेला, तर त्याची नक्कल हवी, तीही साहेबाच्या सहीची. चौथ्या खेपेला नंदीबाबूंना आठवण झाली, की वस्तू खाण्याची आहे, तेव्हा नमुना तपासायला हवा.

श्यामलाबाईंनी डबा राखेनं घासून लख्ख केला, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि डझनभर चकल्या नेल्या. नंदीबाबूंनी कानातली काडी टेबलावर ठेवली आणि तोच हात डब्यात घातला. एक चकली मोडली, हुंगली, परत टाकली, दुसरी घेतली. श्यामलाबाई तोंडाला पदर लावून खाली उतरल्या.

पुढे नमुन्याचंच प्रकरण चाललं. कधी नमुना सादळला, कधी फुटला, कधी तपासनीस रजेवर. प्रत्येक वेळी नवा डबा. एकदा त्या ठरल्या वेळेच्या आधीच पोहोचल्या, तर नंदीबाबू आणि दोघे कारकून चहाबरोबर त्यांच्याच चकल्या खात बसलेले. खाली कागद पसरला होता. तो त्यांचाच अर्ज होता. सहीवर तेल उतरून ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. कपाटावर आणखी किती जणांचे नमुने होते कुणास ठाऊक. लोणच्यांच्या बरण्या, गुळाच्या ढेपा, आणि त्यांच्यावरून निवांत फिरणारी झुरळं.

नंदीबाबू ओशाळले नाहीत. उलट म्हणाले, "बसा, बसा! जरा तिखट कमी घाला. आमच्या बंगाली तोंडाला सोसत नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर श्यामलाबाईंना भाजणी मळवेना. पिठाचा वाससुद्धा नकोसा झाला. लीना जवळ येऊन बसली. ती कलकत्त्यातच जन्मलेली, तिच्या मराठीत सतत बंगाली डोकवायची.

"आई, आता जाऊ नको. मी टायपिंग शिकते ना? माझा नोकरी होईल."

"माझी नोकरी," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि ती लागेपर्यंत काय हवा खायची?" त्यांनी हात धुतले आणि पीठ पुढ्यात ओढलं.

नवव्या महिन्यात परवाना मिळाला. "नळाजवळची जागा दिलीय तुम्हाला, वडाच्या सावलीत," नंदीबाबू उपकार केल्यासारखे म्हणाले. श्यामलाबाईंच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला नाही. इतक्या दिवसांनी कागद हातात आला, याच धुंदीत त्या घरी आल्या.

शनिवारी डबे घेऊन त्या मैदानात गेल्या. शिपाई वडाखाली चुन्यानं चार फूट बाय सहा फुटांचा चौकोन आखत होता. सरोजबालाची टोपली त्यानं लाथेनं उलटवली होती आणि ती नळाच्या चिखलातून एकेक लाडू वेचून पदराला पुसत होती.

"थांबा बाई," शिपाई म्हणाला, "आधी ही घाण हटवतो, मग बसा."

घाण म्हणजे सरोजबाला, हे कळायला श्यामलाबाईंना एक क्षण लागला. मग त्या पुढे झाल्या.

"तिला हात लावू नकोस. ती माझ्या जागेत बसेल."

शिपायानं खांदे उडवले. चौकोनाच्या कडेला, जेमतेम दीड हात जागेत, सरोजबाला टोपली घेऊन बसली.

चार-पाच बाजार बरे गेले. चकल्या दुपारपर्यंत संपायच्या. आणि एका मंगळवारी नाकाला रुमाल लावून नंदीबाबू आले. न विचारता डब्यात हात घातला, चकली कडकन मोडली.

"ही कोण? परवाना एकीचा आणि बसायला दोघी?"

श्यामलाबाईंच्या डोळ्यांपुढून कचेरीतले नऊ महिने सरकले.

"ही... ही माझी मोलकरीण आहे," त्या म्हणाल्या.

"मोलकरीण चालेल." नंदीबाबूंनी सरोजबालाच्या टोपलीतला लाडू उचलला, चावा घेतला आणि तिच्या पायाशी थुंकले. "कसला हा गूळ!" असं म्हणून पुढच्या दुकानाकडे गेले.

सरोजबालानं बाजूची माती ओंजळीनं घेऊन त्या थुंकीवर टाकली. मग हळूच विचारलं, "दीदी, कागदाच्या मागे काय लिहिलंय? लीना मला वाचून दाखवत होती. बसेल तो परवाना ज्याचा तो, किंवा त्याच्या घरचं माणूस."

"हो."

"मग बहीण का नाही म्हणालात?"

"कोण विश्वास ठेवणार? मी मराठी, तू बारीसालची."

"त्यानं ठेवला नसता," सरोजबाला म्हणाली. "पण तुमच्या तोंडात तो शब्द आलाच नाही."

ते खरंच होतं. आजवर श्यामलाबाईंना नंदीबाबूची शिसारी आली होती, त्या कचेरीची आली होती. त्या दिवशी ती स्वतःची आली. घरी जाऊन त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, तोंडाची चव काही जाईना. लीनाला त्यांनी कारण सांगितलं नाही.

सरोजबाला येत राहिली. पोट कुणाला चुकलंय? पण ती आता कामापुरतं बोलायची, आणि जाताना न सांगता सगळी जागा झाडून जायची. श्यामलाबाई झाडू हिसकावून घ्यायला गेल्या की म्हणायची, "राहू द्या, साहेब बघत असेल." माफी मागायची म्हणून त्या कितीदा तिच्या शेजारी सरकून बसल्या, दर वेळी गिऱ्हाईक आलं, किंवा त्यांनीच ते आल्याचं निमित्त केलं.

तिसऱ्या वर्षी सरोजबाला जादवपूरकडे निर्वासितांच्या वसाहतीत राहायला गेली. गेल्याचं श्यामलाबाईंना एका मंगळवारी शेजारच्या लाह्या विकणारीकडून कळलं. त्या मंगळवारी त्यांनी कडेची दीड हात जागा रिकामी ठेवली होती. दुपारी कुणीतरी तिथे सायकल टेकवली. त्यांनी आपले डबे थोडे आत ओढून घेतले.