पाण्यातून काढलेलं कापड

"कच्च्या रंगाचं कापड आणलंस. देवाच्या मेजावर घालायचं कापड असलं आणतात व्हय गं?"

चर्चमधली उपासना नुकतीच संपली होती. आगमनकाळाचा पहिला रविवार. महिला मंडळ चालवणाऱ्या विमला अक्का मेजाभोवतीच्या कठड्याच्या आत उभ्या होत्या, मी बाहेर. मध्ये महिला मंडळाच्या दहाबारा बायका. मेजावर मी शिवलेलं जांभळं कापड होतं आणि त्यावर मीच लावलेला पांढरा क्रूस. तो आता पांढरा राहिला नव्हता. जांभळा रंग उतरून त्याच्यावर पसरला होता, कडेला गडद, मध्ये फिकट. अक्का बोटानं तो डाग सगळ्यांना दाखवत होत्या.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "चुकलं अक्का."

माझं काही चुकलं नव्हतं. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी तोंडातून तेच निघालं. आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडातून आधी तेच निघतं.

मी शिंपीण. बीदरला मैलूरमध्ये माझं छोटं दुकान आहे. नवरा ट्रक घेऊन हैदराबाद-सोलापूर फिरतो, घरी असला की झोपलेला असतो. सात वर्षांपासून चर्चचं शिवणकाम माझ्याकडं आहे. पडदे, गायकांचे झगे, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांचे अंगरखे. यातलं काहीही शिवून झालं की मी कठड्यापर्यंत नेऊन द्यायचे. कठड्याच्या आत प्रभूचं मेज. तिथं पास्टर साहेब जातात आणि मंडळाच्या दोनतीन बायका, सजावट करायला. आम्ही प्रभुभोजनाला कठड्याबाहेर गुडघे टेकतो, भाकर आणि द्राक्षरस घेतो, उठतो. आत येऊ नको असं मला कधी कुणी म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

ज्यांना आमच्या चालीरीती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. येशूच्या जन्माची वाट बघायचे दिवस. दर रविवारी एक मेणबत्ती लावायची, पहिली आशेची. आणि मेजावर जांभळं कापड घालायचं. जुनं कापड यंदा उंदरांनी कुरतडलं, म्हणून नवं माझ्याकडं आलं. अक्कांना गडद जांभळा रंग हवा होता आणि तो बाजारात एकाच कापडात मिळाला. मी शिवायच्या आधी एक तुकडा भिजवून बघितला. रंग सुटत होता. शुक्रवारी कापड त्यांच्या हातात देताना मी स्पष्ट सांगितलं, "अक्का, ह्याला पाणी लावू नका. नाताळ झाल्यावर मी स्वतः मिठाच्या पाण्यात भिजवून धुवून देते." अक्का म्हणाल्या, "हं."

शुक्रवारी कापड कोरडं होतं आणि रविवारी त्याचा रंग उतरलेला होता. म्हणजे मध्ये पाणी लागलं.

माझा स्वभाव संशयी आहे. घरात सगळे मला तेच म्हणतात. दुकानदारानं दोरा जास्त दिला तरी मी त्याच्या तोंडाकडं बघते. त्या दिवशी संशय घ्यायला मला आधी छत सापडलं. छत गळतं का? पण पाऊस नव्हता. फुलदाणी सांडली असेल? सांडली असती तर एका जागी डाग पडला असता. सगळ्या बायका चहाला बाहेर गेल्यावर मी कठड्यावरून हात लांब केला आणि कापडाची कड चिमटीत धरली. आतलं अस्तर आकसलं होतं. शिवण सगळीकडून चुरगळली होती. कापडावर नुसते शिंतोडे उडाले नव्हते, ते बुडवलेलं होतं, अख्खं.

दुकानात आले तर रमा वाट बघत होती. रमा माझ्या दुकानात साड्यांना फॉल लावते. तिच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा. दोघांची घरं गावात एकाच मांगवाड्यात होती, ठाणाकुशनूरच्या पलीकडं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सुई खाली ठेवली.

"तू बोलली न्हाईस का, पाणी लावू नका म्हणून?"

"बोलले की."

"मग चुकलं कामून म्हणलीस?"

मी मशीन सुरू केलं.

सोमवारी मी शांतम्माला गाठलं. तिचा नवरा चर्चची राखण करतो, ती झाडलोट करते. शांतम्मा हे तिचं खरं नाव नाही. आधी ती म्हणाली, मला काय ठाऊक. मग इकडं तिकडं बघितलं.

"शनवारी अक्कांच्या घरी किल्ली द्यायला गेलते. दोरीवर टाकलेलं होतं. जांभळं पाणी गळायलं होतं फरशीवर. मी म्हणलं, अक्का, नवं कापड कामून धुतलं? तर म्हणल्या, त्यांच्या घरून आलंय, देवाच्या मेजावर जायचंय, एकदा पाण्यातून काढलेलं बरं. माझं नाव सांगू नको गं. आमचं राहणं चर्चच्या आवारात हाय."

त्यांच्या घरून आलंय.

मी तिथंच पायरीवर बसले. मला एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी गायकांचे झगे शिवून दिले होते, तर रविवारी गायक जवळून गेले तेव्हा साबणाचा वास आला. मला वाटलं होतं, अक्का किती टापटीप. मेंढपाळांचे अंगरखे दिले, तेही धुऊन इस्त्री केलेले. मी घरी येऊन कौतुक केलं होतं. आणि मोठ्या खिडकीचा पडदा गेल्या वर्षी शहरातल्या दुकानातून तयार आणला, तो प्लास्टिकमधून काढून थेट टांगला. घड्या तशाच दिसत होत्या. तो कुणाच्या घरून आला, त्याच्यावर कुणाचे हात फिरले, ते अक्कांनी विचारलं नव्हतं.

सात वर्षं माझ्या हातचं सगळं पाण्यातून काढून देवापुढं गेलं. आणि मी त्या सात वर्षांत दर रविवारी अक्कांशी हात मिळवत होते. मला शिसारी आली. त्यांची आली, माझीही आली.

अक्कांच्या घराण्याची गोष्ट आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना पाठ आहे. त्या दर वर्षी सांगतात. त्यांचे आजोबा घरदार, शेतीवाडी सोडून प्रभूकडं आले, केवढ्या मोठ्या जातीचे होते. जात सोडली असं सांगतात आणि कोणती सोडली तेही न विसरता सांगतात. माझ्या आजोबांनी काय सोडलं हे कुणी विचारत नाही. त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं त्यासाठी त्यांना पाण्याला तरसवलं. तेही सोडणंच होतं.

रमाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. नंतर मला हलकं करायला म्हणाली, "आमच्या विहारात ये. तिथं मेज न्हाई, कापड न्हाई. नुस्ती चटई हाय."

"चटई कोण झाडतं ते सांग आधी."

"आम्हीच झाडतो. आमचंच हाय ते."

ते वाक्य माझ्या मनात राहिलं. मी घरी पोळ्या लाटत होते आणि मनात तेच. नौबादला एक नवी प्रार्थनासभा सुरू झालीय, तिकडंही लोक बोलावतात. तिथले फार गोड बोलतात, म्हणून मला त्यांचाही संशय येतो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. मी जायचं कामून? ज्या विश्वासासाठी माझ्या आजोबांनी पाण्याविना दिवस काढले, तो अक्कांच्या माहेरून आलेला नाही.

त्या आठवड्यात मी प्रार्थना केली, पण ती गोड नव्हती. मशीनवर डोकं टेकून म्हटलं, देवा, तू कुणाच्या बाजूनं आहेस ते एकदा सांग. मला देवाचाही संशय आला, हे लपवत नाही. मग नाटकाचं सामान डोळ्यांपुढं पडलेलं दिसलं. गोठ्यातल्या बाळाला गुंडाळायचं फडकं मला शिवायचं होतं. मी ते हातात घेऊन बसले. येशूच्या आईला गावात कुणी जागा दिली नाही. तिनं जे मिळालं त्या फडक्यात पोर गुंडाळलं. ते फडकं कुणाच्या घरून आलंय, असं तिथं कुणी विचारलं नसेल. आमच्या नाटकात सराईवाला, म्हणजे धर्मशाळेचा मालक, तिच्या तोंडावर दार लावतो तेव्हा अक्का दर वर्षी डोळे पुसतात. दर वर्षी. मला हसू आलं आणि मग रडू आलं. रडणं रागाचं होतं. त्यानंतर मला भीती उरली नाही.

बुधवारी दुपारी महिला मंडळाची बैठक होती. केक, पताका, नाटक असं सगळं बोलून झालं. मग अक्का माझ्याकडं वळल्या.

"रविवारच्या आत दुसरं कापड शिव. ह्या टायमाला बघून आण."

मी उभी राहिले.

"अक्का, कापड भिजवलं कुणी?"

अक्का म्हणाल्या, "भिजवायचं काय? बाहेरून आलेलं कापड माणूस एकदा पाण्यातून काढतोच की."

"खिडकीचा पडदा काढला होता का?"

"तो दुकानातून आलेला."

"माझं बी दुकानच हाय."

अक्कांचा चेहरा लाल झाला. "तुमच्या घरात कसं कसं असतंय, आम्हाला काय ठाऊक. देवाचं काम हाय. स्वच्छ नको?"

आता सगळं बाहेर आलं होतं. दहाबारा बायका. कुणी पदराचं टोक बघत होती, कुणी वहीत. त्यांतल्या चौघी आमच्याच वाड्यांतून आलेल्या आहेत, मला त्यांची गावं ठाऊक आहेत. त्याही खालीच बघत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. रविवारी मीही तेच केलं होतं.

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं, पाणी लावू नका. तुम्ही लावलं. आणि सगळ्यांपुढं मला चुकलं म्हणायला लावलं. मी म्हणले, ते परत घेते. दुसरं कापड मी शिवणार न्हाई."

संध्याकाळी पास्टर साहेबांनी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी ग्लासकडं बघितलं, कारण आता मी प्रत्येक ग्लासकडं बघते. ते म्हणाले, "बाई, आगमनकाळ हाय. मन मोठं करा."

"साहेब, दर टायमाला माझंच कामून?"

ते म्हणाले, प्रार्थना करू. केली. त्यांनी शांतीसाठी केली. मी मनात दुसरंच काही मागत होते.

शनिवारी अक्का स्वतः दुकानात आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. हातात घरचा केक आणि नव्या जांभळ्या कापडाची घडी. बसल्या नाहीत. "झालं गेलं जाऊ दे. चांगलं पक्क्या रंगाचं आणलंय, एवढं शिवून टाक." केक मी ठेवून घेतला, रमाला आवडतो. कापड परत दिलं. त्या माफी मागायला आल्या असत्या तर मी रात्रभर बसून शिवलं असतं. पण त्या डाग झाकायला आल्या होत्या.

दुसऱ्या रविवारी मी पहिल्या घंटेच्या आधी पोचले. मेजावर पांढरी चादर होती. माझं कापड कठड्याच्या आतल्या कपाटात असणार, हे मला ठाऊक होतं. मी चपला काढल्या. कठड्याचं दार ढकललं. साधी कडी आहे, एका बोटानं निघते. आत गेले. कपाट उघडलं, कापड काढलं, पांढरी चादर बाजूला घडी करून ठेवली आणि जांभळं कापड मेजावर अंथरलं. कडा सारख्या केल्या. क्रूस बरोबर मध्ये आणला, डागासकट. एकही सुरकुती राहू दिली नाही.

अक्का दारातून येत होत्या. त्या मध्येच थांबल्या.

"ते डागाळलेलं कामून काढलंस? लोक बघतील की."

"बघू द्या. डाग मी पाडलेला न्हाई. मी झाकणार बी न्हाई."

लोक येऊन बसायला लागले. पास्टर साहेबांनी मेजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दुसरी मेणबत्ती लावली. ती शांतीची असते. मी पहिल्या बाकावर बसले. तो बाक अक्कांच्या घरचा समजतात. त्या दिवशी त्या दुसऱ्या बाकावर बसल्या.

आशा म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येणार नाही. सगळं गोड होईल असं मला वाटत नाही. अक्का बदलतील असं वाटत नाही. त्या चौघींपैकी एक बाहेर पडताना माझा हात दाबून गेली, त्याचाही मी अजून अर्थ लावतेय. पण वाट बघणं मला कळतं. आमच्या तीन पिढ्यांनी वाटच बघितली. वाट बघायची म्हणजे कठड्याबाहेर हात जोडून बसायचं, हे आम्हाला माणसांनी शिकवलं. ते मी आता मानत नाही.

नाताळपर्यंत मेजावर हेच कापड राहील. कुणी काढलं तर मी परत घालीन. पुढच्या आगमनकाळात नवं शिवीन, पण एकाच अटीवर. माझ्या मशीनवरून उतरलं की ते थेट मेजावर जाईल आणि माझ्या हातानं अंथरलं जाईल. मध्ये कुणाचं अंगण नाही, कुणाची बादली नाही. मंजूर नसेल तर मेज उघडं राहील. मी पहिल्या बाकावर बसून त्या उघड्या मेजाकडं बघत राहीन, आणि कुणी विचारलं की का उघडं आहे, तर उभी राहून सांगीन.