बाकावरचा म्हातारा

"पण माय, माणसावरनं कुणी वाट ध्यानात ठेवतं का?"

"मग कशावरनं ठेवावं? घरं तर समदी सारखीच हायती. लाल, पिवळं, पांढरं, पुन्हा लाल."

"तूच म्हणालीस ना, फोन ठेव पिशवीत, वाट माझ्या ध्यानात हाय म्हणून?"

"हाव, म्हणाले. अन् ध्यानात व्हतीच. फूलवालीपाशी उजवीकडं, दार रंगवणाऱ्यापाशी खाली, बाजावाल्यापाशी सरळ. फाटकासमोर बाकावर म्हातारा, काळं कुत्रं घेऊन. तिथंच आपलं जहाज."

"अन् आता कुठायत हे सगळे?"

केवळाबाईनं ओल्या गल्लीत वर पाहिलं, खाली पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी पाऊस आला आणि तिच्या सगळ्या खुणा छत्र्या उघडून आपापल्या घरी निघून गेल्या होत्या.

गाव होतं नॉर्वेतलं बर्गेन. जहाज चारला सुटणार होतं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, पासपोर्ट जहाजावर होते आणि सकाळपासून फोटो काढून काढून पंचशीलाचा फोन केव्हाच मान टाकून बसला होता.

पंचशीला नांदेडला डॉक्टर. आईच्या साठीला तिनं ही सहल ठरवली. "बावीस वर्षं लातूरला मेस चालवलीस, आता दहा दिवस दुसऱ्याच्या हातचं खा." केवळाबाई आली खरी, पण पहिल्या दिवसापासून तिला काही उमगेना. इथं रात्री अकरालाही उजेड. एवढी मोठी गावं, पण रस्त्यात कुणी कुणाला हाक मारीत नाही. जहाजावर तर सगळी दारं एकसारखी, म्हणून तिनं आपल्या खोलीच्या कडीला रुमाल बांधला आणि सफाईवालीनं तो धुवायला नेला.

लातूरला तिची रीत कधी चुकली नव्हती. क्लासला आलेली नवी पोरं मेसचा पत्ता विचारायची. ती सांगायची, "शरणम्मा बांगड्या विकती तिथं वळ, पुढं पंक्चरवाला काका." पोरं बरोब्बर ताटावर येऊन बसायची.

दोघी एका बेकरीत शिरल्या. पंचशीलानं काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत विचारलं आणि कपाळाला हात लावूनच परतली.

"जहाजं दोन धक्क्यांना लागतात म्हणे. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आपलं कोणत्या, ते तिला कसं कळणार? धुक्यात दिसतही नाही. एकीकडं जाऊन चुकलो तर दुसरीकडं पोचेस्तोवर चार वाजतील."

"मग म्हाताऱ्याला हुडकू."

"पुन्हा म्हातारा! अगं, तो काय दगड आहे का एका जागी राहायला?"

"दगडाचं नको सांगूस मला," केवळाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "किल्लारीला समदं दगडाचंच व्हतं. त्या रात्री मी शेतावर राखणीला व्हते. पहाटं पळत आले तर गावच न्हाई. गल्ली न्हाई, दार न्हाई. माझं घर कोणतं, मलाच कळंना. लोकं हाताला येईल तिथं उकरून राहिलेली. अन् नागुबाई..."

"कोण नागुबाई?"

"समोरची म्हातारी. रोज आमच्या दारापुढं येऊन बसायची तमाखू मळत. त्या दिवशीबी बसली व्हती. केसात माती, डोळे उघडे, पण जागा तीच. तिच्या पाठीमागं उकरलं म्हणून तू घावलीस. बाजंखाली. तुझा बाप..." तिनं पदरानं काचेवरची वाफ पुसली. "घरं हालत्यात बाई. माणूस आपल्या जागंवर येऊन बसतंय."

पंचशीला आईकडं बघतच राहिली. भूकंप, बाप, बाज, सगळं तिनं तीस वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. नागुबाई कधीच ऐकली नव्हती.

बाहेर पाऊस ओसरला होता. काचेपलीकडून एक म्हातारा चालला होता. सोबत काळं कुत्रं. सकाळचाच का? टोपी वेगळी वाटत होती. की सकाळी टोपी नव्हतीच? केवळाबाईनं डोळे बारीक केले. कुत्रं तरी तेच असावं. म्हातारा कोपऱ्यावर थांबला, आभाळाकडं पाहिलं आणि उताराला लागला. बाकाकडं निघाला असेल, की घराकडं?

"माय," पंचशीला हळूच म्हणाली, "आणि त्या दिवशी नागुबाई दुसरीकडंच जाऊन बसली असती तर?"

केवळाबाईनं पिशवी खांद्याला अडकवली, पदर खोचला आणि दार ढकलून ती म्हाताऱ्याच्या मागं उताराला लागली.