दुपारची अक्का

उंबरठ्यापाशी आली की अक्का आधी हात लुगड्याला पुसायची आणि मग दोन्ही तळवे पुढे करायची. मी चिमीला तिच्या हातात दिलं की ती तिच्या टाळूचा वास घ्यायची आणि तिच्या अहिराणीत मला म्हणायची, "तू तुनं काम कर माय. हाई पोर आते मनी शे."

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. आम्ही धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि सहा महिन्यांची चिमी. हे साक्रीला कारकून, रविवारी यायचे. एका पगारात दोन चुली भागत नव्हत्या, म्हणून मी गावातल्या एका शिंप्याकडची पोलकी घरी शिवायला आणत असे. पण मशीन आणि चिमी यांचं जन्माचं वैर. मी पायडल हलवलं की तिने सूर लावलाच म्हणून समजा.

दुपारचे चार तास कोणी मूल सांभाळेल का, हे मी निम्म्या देवपुराला विचारलं असेल. शेजारच्या मावशींनी तीन दिवस सांभाळलं, चौथ्या दिवशी त्यांची कंबर धरली. एक शाळकरी मुलगी मिळाली, तिने चिमीला माती खाऊ दिली आणि स्वतः माझ्या चिंध्यांच्या बाहुल्या करत बसली. दिवसभराची बाई मला परवडत नव्हती आणि चार तासांसाठी यायला कोणी तयार नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांनी घरात बसून काम केलंय त्यांना ठाऊक असेल, बाई घरात आहे म्हणजे ती मोकळीच आहे असं सगळ्यांना वाटतं.

अक्का गवऱ्या विकायला दारावर आली होती. आत चिमी रडत होती आणि मी एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने टीप मारत होते. अक्काने टोपली खाली ठेवली, रांजणातल्या पाण्याने हात धुतले आणि न विचारता मूल उचललं. दुपारची भाकरी आणि महिन्याला चार रुपये, एवढंच तिने मागितलं. मूळची ती दोंडाईचाकडची. सारं आयुष्य तिथल्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडण्यात गेलं. छातीत कापसाचे तंतू बसून खोकला लागला तेव्हा ते काम सुटलं आणि ती लेकाकडे धुळ्याला आली.

मशीनला ती गाडी म्हणायची. मी जरा थांबले की, "का व माय, गाडी थकनी का?" जमिनीवरचे दोरे गोळा करून त्यांचा गोळा करायची आणि चिमीपुढे लोळवायची. चटई दिली तरी जमिनीवरच बसायची. खोकला आला की मूल माझ्याकडे देऊन बाहेर जायची आणि आत येऊन पुन्हा हात धुवायची. तिच्याइतकी स्वच्छ बाई मी देवपुरात पाहिली नाही. मला ती फार आवडायची.

दोन-तीन आठवड्यांत चिमी शांत झाली. दुपारभर झोपायची, संध्याकाळीही पेंगत असायची, दूध अर्धवट सोडायची. दात येत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मे महिना होता, लग्नाची पोलकी येऊन पडली होती. मूल झोपतंय म्हणून कोण तक्रार करतं?

एका दुपारी पाणी प्यायला उठले तर अक्का नखाने एक काळी गोळी कुरतडत होती. तो कण तिने चमच्यातल्या दुधात चोळला.

"अक्का, हे काय?"

"बाळागोळी," ती सहज म्हणाली. "राईना दाणाएवढी बी नही शे. जिनमा बठ्ठ्या बाया देतस. पोर रडनं का मुकादम बाईले घर धाडी देस."

गोळीत अफू असते हे मला माहीत होतं. माझ्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. मी विचारलं, "तुमच्या मुलांनाही दिली?"

"दिधी ना. मना चार व्हतात. दोन ऱ्हायनात."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. त्या गेलेल्या दोघांचा आणि गोळीचा काही संबंध असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. माझ्या मनाला मात्र शिवलं. आणि तरी मी काय केलं? एका नवरीची सहा पोलकी परवा द्यायची होती. एवढी झाली की हिला बंद करायला सांगू, असं ठरवून मी पुन्हा मशीनवर बसले. चमचा चिमीच्या ओठांना लागताना मी मान वळवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अक्काच्या निघायच्या वेळी, चिमी उठेना. हाका मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं, मान लुळी पडत होती. अक्काने तिला खांद्यावर टाकलं आणि पांझरेच्या पुलावरून गावात डॉक्टरांकडे पळत सुटली, मागे मी. खोकत होती, पळत होती, चिमीच्या तळपायांना चिमटे काढत होती. "ऊठ व मनी माय, ऊठ."

डॉक्टरांनी नळी घालून पोट धुतलं, तासभर तिला झोपू दिलं नाही. शेवटी चिमी रडली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग डॉक्टर आमच्याकडे वळले. "अफू कोणी दिली?"

"मी दिधी," अक्का म्हणाली.

"आणि तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अक्काच बोलली, "तिले काय माहीत? ती गाडीवर व्हती."

डॉक्टर तिच्यावर ओरडले, पोलिसांचं नाव घेतलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी चिमीला छातीशी धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, ते मला बोलवलं नाही. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर अक्का पायऱ्या उतरून निघून गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही. तिच्या लेकाच्या झोपडीवर मी पंधरा दिवसांनी गेले, तेव्हा ती गावी परतली होती.

त्या रविवारी हे आले. मी यांना सगळं सांगितलं, त्या सहा पोलक्यांचं सोडून.

"माणसं ओळखूच येत नाहीत बघ," हे चिमीला मांडीवर घेत म्हणाले. "बाई चांगली वाटली होती."

मी म्हटलं, "हो ना."