साळुंकीचं पिलू पडलंय…

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी आजही उठून आत जाते. माझा अंगाऱ्यावर विश्वास नाही, नवसावर नाही… तरीही हे लिहायला बसले आहे.

१९४८ चा चैत्र. निजामाचं राज्य, गावोगाव गडबड. म्हणून वडिलांनी मला पाच महिन्यांच्या लेकीसह साखऱ्याजवळच्या महानुभाव मठात ठेवलं होतं. मठात तिघी तपस्विनी. थोरल्या बाई सत्तरीच्या. अंगणातल्या लिंबाच्या ढोलीत साळुंकीनं घरटं केलं होतं. बाई तिच्यासाठी रोज मातीच्या परळात पाणी ठेवायच्या आणि झाडाखाली कुणाला मोठ्यानं बोलू द्यायच्या नाहीत.

त्या दुपारी उकाडा असा, की पान हलेना. पश्चिमेला आभाळ तांबूस-काळं झालेलं. आम्ही चौघी मंडपात आडव्या झालो होतो, लेक तुळईला बांधलेल्या झोळीत. माझा डोळा लागत होता, तेवढ्यात अंगणातून थोरल्या बाईंची हाक आली—

"पिलू पडलंय ग! लेकरू घेऊन बाहीर ये!"

मी लेकीला उचललं आणि अनवाणीच धावले. झाडाखाली काहीच नव्हतं. ढोलीत पिलं चिवचिवत होती, साळुंकी चोचीत किडा धरून बसलेली… वळून पाहिलं, तर थोरल्या बाई माझ्या मागून, मंडपातूनच येत होत्या!

"बाई, काहून हाक मारली?"

"म्या कुठं? तूच तर उठवलं मला, सुमन."

धाकट्या दोघी त्यांच्या मागोमाग आल्या. त्यांनी तर एकमेकींचा आवाज ऐकला होता.

बोलणं पुरं होईना तोच वारा सुटला. गारा कोसळू लागल्या. आम्ही दगडी ओवरीत शिरलो. मंडपामागची जुनी चिंच उन्मळून त्याच्या मातीच्या माळवदावर आडवी झाली, ते छत खचलं आणि झोळीची तुळई मातीखाली गेली.

थोरल्या बाई माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

"देवानंच हाक मारली म्हणायचं का, बाई?" मी विचारलं.

"आमी तसं न्हाई म्हणणार. चौघींनी ऐकलं, एवढंच बराबर."

पुढे माझे यजमान म्हणाले, पाखरांच्या कलकलाटानं जाग आली असेल, बाकी मनाचे खेळ. असेलही. पण पाखराचं पिलू पडलं म्हणून तान्हं लेकरू घेऊन उन्हात कोण बोलावेल?

लेक कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाली. तिला तरी कारण सापडेल, अशी मी आस लावून होते. परवा तिला पुन्हा विचारलं. ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला… आणि म्हणाली, "आई, चौघींनी ऐकलं, एवढंच खरं."